चौदापैकी शून्य

प्राध्यापक मंडळींना स्वतःची चूक कळायला फार वेळ लागत नाही, कबूल करायला लागतो. या मॅडमना कळायला तीन दिवस लागले होते आणि कबूल करायला बारा वर्षं. तेही आपणहून नव्हे, चौकशी समितीचं पत्र आलं म्हणून.

पत्र आलं तेव्हा सकाळचे साडेनऊ झाले होते, म्हणजे विद्यापीठाचा दिवस संपला होता. उन्हाळ्याच्या चार महिन्यांत तास पहाटे पाचला सुरू होत आणि नऊला संपत, कारण दहानंतर मोठ्या व्याख्यानगृहात बसायची कुणाची छाती नव्हती. पावसाळ्याची तऱ्हा वेगळी. तेव्हा नदीच वर्गात यायची, जिन्याच्या चौथ्या पायरीपर्यंत, आणि तळमजल्यावरची खाती बाडबिस्तरा गुंडाळून वरच्या खात्यांच्या गळ्यात पडायची. दहा वर्षं असं काढल्यावर विद्यापीठानं हात टेकले. नदीकाठची इमारत सोडायची, उंचावरच्या पाच गावांत पाच केंद्रं काढायची आणि विद्यार्थ्यानं विद्यापीठाकडे येण्याऐवजी विद्यापीठानंच त्याच्या दारात जायचं, असं ठरलं. शेवटच्या वर्षाला वर्गच नाहीत. वर्षभर एखाद्या गावाच्या गटारांवर, बंधाऱ्यांवर काम करायचं आणि परीक्षाही तिथंच द्यायची, पुस्तक उघडं ठेवून. शिवाय पदवीला मुदत. दहा वर्षं झाली की परत यायचं, मधल्या काळात काय बदललं ते शिकायचं, मग पुढची दहा वर्षं मिळणार. औषधाच्या बाटलीवर असते तशी तारीख आता पदवीवर येणार म्हणून लोकांनी भरपूर चेष्टा करून घेतली.

हा सगळा आराखडा मॅडमनी लिहिला होता आणि नव्या 'पाणी आणि हवामान' विद्यालयाच्या पहिल्या संचालक म्हणून त्यांचंच नाव पुढे होतं. आराखड्याचं पहिलंच वाक्य होतं, 'विद्यार्थ्याच्या शंकेला यापुढे गुण असतील.' कुलगुरूंना ते इतकं आवडलं होतं की ते प्रत्येक भाषणात स्वतःचं म्हणून वापरत.

मॅडम जलअभियांत्रिकीच्या प्रमुख. वय सत्तावन्न, आवाज बारीक आणि पेन लाल. विद्यार्थ्यांत त्यांचं नाव 'अर्धा मार्क' असं पडलं होतं. अख्खं गणित बरोबर आलं आणि शेवटी 'मीटर' लिहायचं राहिलं तरी त्या अर्धा मार्क कापायच्या. हे नाव आपल्याला माहीत नाही असं त्या दाखवायच्या आणि मनातून खूश असायच्या.

तर पत्र. मागच्या पावसाळ्यात एका डोंगरी रस्त्यावरची मोरी वाहून गेली होती. मोरी म्हणजे ओढ्याचं पाणी रस्त्याखालून निघून जावं म्हणून ठेवलेलं तोंड. या मोरीचं तोंड दोन मीटरचं होतं. त्या दिवशी पाणी त्यात मावलं नाही, रस्त्यावरून गेलं, आणि सकाळच्या पाळीला निघालेली एक नर्स स्कूटरसकट त्याच्याबरोबर गेली. मोरीचं गणित ज्यानं केलं तो इंजिनिअर याच विद्यापीठाचा. त्याचा परवाना काढून घ्यायचा की नाही हे समिती ठरवणार होती, आणि त्याआधी विद्यापीठाच्या जाणकारानं येऊन सांगावं, की असं गणित तुम्ही मुलांना शिकवता तरी कसं. सोबत इंजिनिअरच्या जबाबाची प्रत जोडली होती. तोंडाचं माप काढताना अलीकडच्या वर्षांचा पाऊस का धरला नाही, या प्रश्नाला त्यानं उत्तर दिलं होतं:

'पदवी परीक्षेत मी एकदा मागच्या दहा वर्षांचा पाऊस धरून उत्तर लिहिलं होतं. ते चुकीचं ठरलं. फेरतपासणीतही चुकीचंच ठरलं. मी नापास झालो. त्यानंतर मी कधी पुस्तकातल्या तक्त्याबाहेर गेलो नाही.'

मॅडमनी हे तीनदा वाचलं. मग उठून खोलीचं दार लावून घेतलं. बाहेर सामान बांधणारे लोक खोक्यांना दोऱ्या आवळत होते, आणि आत या बाई चौथ्यांदा तेच वाचत होत्या.

कारण असं उत्तर त्यांच्या उभ्या आयुष्यात एकाच पोरानं लिहिलं होतं.

बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. त्या तेव्हा मुख्य परीक्षक होत्या. पेपर त्यांनीच काढला होता आणि आदर्श उत्तरही त्यांनीच लिहिलं होतं. ज्यांनी कधी पेपर तपासले नाहीत त्यांना आदर्श उत्तर काय चीज असते हे कळायचं नाही. अकराशे उत्तरपत्रिका, चौदा परीक्षक, बारा दिवस. प्रत्येकाच्या डाव्या हाताला आदर्श उत्तराचा कागद, उजव्या हाताला गठ्ठा. डावीकडे बघायचं, उजवीकडे टिक करायची. तिथं कुणी विचार करायला लागलं तर निकाल लागायला दिवाळी उजाडेल. चौदा मार्कांचा प्रश्न होता: अमुक ओढा, एवढं पाणलोट क्षेत्र, तर मोरीचं तोंड किती ठेवाल? नेमलेल्या पुस्तकात पावसाचा तक्ता होता. त्यातला आकडा उचलायचा, सूत्रात घालायचा, की उत्तर यायचं दोन मीटर.

एका पोरानं लिहिलं होतं साडेचार. खाली दोन ओळी: 'पुस्तकातला तक्ता चाळीस वर्षांपूर्वीचा आहे. वेधशाळेकडून मागच्या दहा वर्षांचा पाऊस मी आधीच आणला होता; तो धरला, तर तोंड दुपटीहून मोठं लागतं.' परीक्षकानं शून्य दिलं. पोरगा तेहतिसावर अडकला, पास व्हायला चाळीस लागत होते. त्यानं फेरतपासणी मागितली आणि ती उत्तरपत्रिका मॅडमच्या टेबलावर आली. वर नाव नाही, नुसता क्रमांक. परीक्षेत नाव झाकलेलं असतं, पक्षपात होऊ नये म्हणून.

मॅडमनी आधी ती बाजूला सारली. मग राहवेना. तिसऱ्या दिवशी त्यांनी वेधशाळेला फोन करून आकडे मागवले आणि स्वतः गणित करून बघितलं. साडेचार. सूतभर इकडचं तिकडे नाही. पोरगा बरोबर होता आणि पुस्तक, प्रश्न, आदर्श उत्तर, चौदा परीक्षक आणि त्या स्वतः, सगळे चूक होते.

आता हे मान्य करायचं म्हणजे काय काय आलं? आदर्श उत्तर रद्द. अकराशे पेपर पुन्हा. त्या वर्षी पुरामुळे निकाल आधीच दीड महिना लांबला होता, मुलांचे आईबाप फाटकाशी रोज येऊन बसत होते. अभ्यास मंडळाची बैठक, तक्ता कुणी ठेवला याची चौकशी, आणि तक्ता ठेवणाऱ्यांत मॅडमचे गुरुजी, जे अजून हयात होते आणि फार चटकन दुखावायचे. मॅडम त्या दुपारी बराच वेळ पेनाचं टोपण काढत आणि लावत बसल्या. मग त्यांनी लिहिलं, 'बदल नाही. उत्तर नेमलेल्या पुस्तकाप्रमाणे नाही.' खाली सही.

पुढच्या वर्षी त्यांनी तो प्रश्न काढला नाही, पण तक्ता सहा वर्षं तसाच शिकवला. आकडे असलेला वेधशाळेचा कागद त्यांनी खणात सगळ्यात खाली ठेवला आणि त्याच्यावर इतर कागद टाकत गेल्या. सहा वर्षांनी वरून आदेश आला तेव्हा कुठे तक्ता गेला. मॅडमनी त्या बदलावर एक निबंध लिहिला आणि त्याचं कौतुकही झालं.

*

उत्तरपत्रिका अजून असेल का, हे बघायला त्या तळघराच्या जिन्यानं खाली गेल्या. वर्षभरापूर्वीचे पेपर रद्दीत जात, फेरतपासणीची प्रकरणं मात्र पंधरा वर्षं ठेवायचा नियम होता. नियम कुणी केला होता, तर मॅडमनीच.

दप्तरी गठ्ठे ट्रकसाठी मोजत होता. पंचवीस वर्षं त्यानं या तळघरात पेपरांची राखण केली होती आणि पुरात दोनदा गठ्ठे डोक्यावर घेऊन वर नेले होते.

"मॅडम, तुम्ही कशाला उतरलात? मला सांगायचं की."

"फेरतपासणीचे जुने. बारा वर्षांपूर्वीचे."

"ते शनिवारी लगद्याला चाललेत. नव्या जागी जुने कागद न्यायचे नाहीत, असा हुकूम आलाय. खालच्या फळीवरचे तर भिजून भाकड झालेत. आमच्या इथं एकदा पाणी शिरलं की सगळे पास." तो हसला. मॅडम हसल्या नाहीत, म्हणून त्यानंही हसू आवरलं. "कुणाचा पाहिजे?"

"नाव माहीत नाही."

दोघांनी मिळून दीड तास शोधलं. पंखा होता, पण तो गरम हवाच इकडून तिकडे करत होता. दप्तरीनं दोनदा पाणी आणून दिलं. शेवटी वरून तिसऱ्या फळीवर गठ्ठा सापडला आणि गठ्ठ्यात ती उत्तरपत्रिका. साडेचार मीटर, खाली रेघ मारलेली. समासात भलंमोठं शून्य. शेवटच्या पानावर मॅडमची सही, आजच्यापेक्षा जरा टोकदार.

क्रमांकावरून नाव काढायला निकालाचं रजिस्टर होतं. मॅडमनी बोट फिरवत ओळ गाठली, मग पर्समधून समितीचं पत्र काढून शेजारी धरलं. नाव तेच होतं. त्याच ओळीत पुढे सहा महिन्यांनंतरची नोंद होती. त्यानं पुन्हा परीक्षा दिली होती आणि त्याला बासष्ट पडले होते.

"काही गडबड आहे का मॅडम?" दप्तरीनं विचारलं.

"हा पेपर मी नेते."

"सही लागेल."

मॅडमनी सही केली. दुसरं त्यांना करता तरी काय येत होतं? आयुष्यभर त्यांनी सह्याच केल्या होत्या.

*

कुलगुरूंनी त्यांना त्याच दुपारी बोलावलं. त्यांच्या खोलीत आता एक टेबल आणि दोन खुर्च्या उरल्या होत्या, भिंतीवर तसबिरींच्या जागी फिकट चौकोन होते.

"बसा, बसा. हे समितीचं काही विशेष नाही," कुलगुरू म्हणाले. "तुम्ही जायचं, अभ्यासक्रम सांगायचा, यायचं. तक्ता होता, मान्य. पण अभ्यासक्रमाच्या पहिल्या पानावर वाक्य आहे बघा, 'तक्ता मार्गदर्शक असून अभियंत्याने स्वतःचा विवेक वापरावा.' संपला विषय. आपण विवेक वापरायला सांगितलं होतं, त्यानं वापरला नाही."

"ते वाक्य मी लिहिलंय."

"तेच म्हणतो. दूरदृष्टी म्हणतात ती हीच."

मॅडमनी मांडीवरच्या पर्सवर हात ठेवला. आत पेपर होता. तो काढायला एक क्षण पुरला असता. पण कुलगुरू संचालकपदाच्या पत्राबद्दल बोलू लागले, सोमवारी सही होईल म्हणाले, आणि मॅडमनी मान डोलावली. मान डोलावताना स्वतःची इतकी शिसारी त्यांना कधी आली नव्हती. तरीही डोलावलीच.

घरी नवरा जेवणाची ताटं घेऊन थांबला होता. त्याचं चष्म्याचं दुकान होतं, तीस वर्षं तो लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढत होता. बायकोचं नाकासमोर चालणं त्याला ठाऊक होतं, म्हणून ती न जेवता टेबलाशी पेपर उलगडून बसली तेव्हा त्यानं दोन्ही ताटं झाकून ठेवली आणि समोर बसला. तिनं सगळं सांगितलं. काही लपवलं नाही.

"अगं, पण तू एकटीनं थोडंच ठरवलं होतं?" तो म्हणाला. "पुस्तक होतं, मंडळ होतं. तेव्हा सगळे तेच करत होते."

"अहो, सगळ्यांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं."

"त्यानं तरी मोरी बांधताना डोकं चालवायचं होतं."

"चालवलं होतं. मी ते बंद पाडलं."

नवऱ्यानं ताटावरचं झाकण सरळ केलं. तिच्या बाजूनं बोलायला त्याला आणखी दहा मुद्दे सुचले असते, पण आपण जितकं तिच्या बाजूनं बोलतोय तितकी ती चिडतेय हे त्याच्या लक्षात आलं. "मग काय करणार आहेस?"

"माहीत नाही," ती म्हणाली आणि ते खरं होतं. सोमवार तिला हवा होता. हे लपवण्यात अर्थ नाही. तीस वर्षं तिनं त्या खुर्चीची वाट बघितली होती, आणि आता पेपर समोर असतानाही मनाचा एक कोपरा म्हणत होता, शनिवारी गठ्ठे लगद्याला जातायत, हाही जाऊ दे. त्या कोपऱ्याची तिला लाज वाटली, पण तो बोलायचा थांबला नाही.

*

समिती भरली ती विद्यापीठाच्या नव्या केंद्रात, टेकडीवरच्या जुन्या सूतगिरणीत. सरकारी कचेरी पाण्यानं खिळखिळी झाली होती, म्हणून हा हॉल मागून घेतलेला. वेळ सकाळी सहाची. भिंतींना नुकताच चुना दिलेला, बाकं एकाशी एक न जुळणारी, फळ्याला अजून खडू लागलेला नाही.

मॅडम पोचल्या तेव्हा बाहेरच्या बाकावर एक पस्तिशीचा माणूस बसला होता. इस्त्रीचा शर्ट, मांडीवर फाईल. त्यांना बघून तो झटकन उभा राहिला, वर्गात मुलं राहतात तसा.

"मॅडम, ओळखलंत? नसेलच ओळखलं. मी मागच्या बाकावरचा."

"ओळखलं," मॅडम म्हणाल्या. चेहरा त्यांना खरंच आठवत नव्हता. अक्षर आठवत होतं.

"तुम्ही आलात ते बरं झालं. मला वाटत होतं कुणी नवीन माणूस पाठवतील. तुम्ही नुसतं सांगा, तक्ता होता, सगळ्यांना तोच शिकवला. मी मनानं काही केलेलं नाही एवढं तरी त्यांना कळेल." तो थांबला. मग फाईलच्या कडेवरून बोट फिरवत म्हणाला, "तसा माझा दोष आहेच. तिथले म्हातारे सांगत होते, साहेब, ओढा आता पूर्वीसारखा राहिला नाही, मोठं ठेवा. मलाही आतून वाटत होतं. पण म्हटलं, एकदा आपण आतलं ऐकलं होतं, काय झालं? आपल्याला यातलं कळत नाही, हे एकदा सिद्ध झालंय. मग कशाला शहाणपणा करायचा."

मॅडमनी तोंड उघडलं. 'तुला कळत होतं,' एवढेच तीन शब्द होते. ते बाहेर यायच्या आत शिपायानं नाव पुकारलं आणि तो आत गेला. बाहेर असताना, फक्त त्याला एकट्याला, हे सांगता आलं असतं. ती संधीही बाईंनी घालवली.

आत टेबलामागे तिघं. मधल्या अध्यक्षबाई, निवृत्त न्यायाधीश, कानाला यंत्र आणि बोलणं तुटक. शेवटच्या बाकावर एक माणूस एकटा बसला होता, कारखान्याच्या निळ्या कपड्यांत. तो त्या नर्सचा नवरा, हे मॅडमना शिपायानं दारातच सांगितलं होतं. समितीच्या प्रत्येक बैठकीला तो येत होता. काही बोलायचा नाही, शेवटपर्यंत बसायचा आणि जायचा.

"अभ्यासक्रमात तक्ता होता?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"होता," मॅडम म्हणाल्या.

"तो सक्तीचा होता?"

"नाही. अभियंत्याने विवेक वापरावा, असं पहिल्या पानावर लिहिलेलं होतं."

"म्हणजे यांना मोकळीक होती."

"कागदावर होती."

अध्यक्षबाईंनी चष्म्यावरून बघितलं. "मग यांनी विवेक वापरला नाही, असं विद्यापीठाचं म्हणणं आहे का?"

हाच तो प्रश्न. कुलगुरूंनी तळहातावर आणून ठेवलेला. 'हो' म्हटलं की मॅडम उठून घरी जाणार, सोमवारी पत्रावर सही होणार, आणि पुढच्या बाकावर पाठ ताठ करून बसलेला तो माणूस उरलेलं आयुष्य, आपल्याला यातलं कळत नाही, असं समजत काढणार. मॅडमनी पर्स उघडली. चेन दोनदा अडकली.

"वापरला होता," त्या म्हणाल्या. "बारा वर्षांपूर्वी. ही त्यांची उत्तरपत्रिका. त्यांनी दहा वर्षांचा पाऊस धरून साडेचार मीटर लिहिलं होतं. फेरतपासणी माझ्याकडे आली. मी शून्य कायम केलं."

"उत्तर चूक होतं म्हणून?"

"बरोबर होतं. मी आकडे मागवून स्वतः करून बघितलं होतं. बरोबर आहे हे कळल्यावर 'बदल नाही' लिहिलं. मान्य केलं असतं तर अकराशे पेपर पुन्हा तपासावे लागले असते आणि आदर्श उत्तर माझं होतं."

लिहून घेणाऱ्या मुलीनं लिहायचं थांबवलं, मग अध्यक्षबाईंकडे बघून पुन्हा सुरू केलं.

इंजिनिअर उठला होता. "बघू का?" त्यानं विचारलं. अध्यक्षबाईंनी मान हलवल्यावर तो पुढे आला आणि त्यानं पेपर हातात घेतला. आपलंच बारा वर्षांपूर्वीचं अक्षर तो लहान मुलाचं असावं तसं वाचत होता.

"म्हणजे हे बरोबर होतं?"

"हो."

"तेहतीस आणि चौदा, सत्तेचाळीस," तो म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं. निकालाच्या फलकाशी गर्दीत स्वतःचा नंबर सापडलेल्या पोराच्या तोंडावर येतं ते. "मला येत होतं मग. मी घरी सगळ्यांना सांगितलं होतं की माझं चुकलं. वडिलांनाही. आणि दुसऱ्यांदा बसलो तेव्हा मी तो तक्ता पाठ केला, मॅडम. अख्खा. अजून येतो."

मग त्याची नजर शेवटच्या बाकाकडे गेली आणि हसू तिथल्या तिथे विझलं. तो पेपर टेबलावर ठेवून जागेवर जाऊन बसला. मॅडमना वाटलं होतं, तो चिडेल. तो चिडला असता तर बरं झालं असतं, चार शब्द झेलून घेता आले असते. तो नुसता आपल्या दोन्ही तळव्यांकडे बघत राहिला.

"तुमच्या जबाबाची प्रत विद्यापीठाला जाईल," अध्यक्षबाई म्हणाल्या. "परिणाम तुम्हाला ठाऊक असतील."

"ठाऊक आहेत."

"यांच्या परवान्याचं आम्ही बघू. तुमचं काम झालं."

मागच्या बाकावर हालचाल झाली. नर्सचा नवरा उभा राहिला होता. इतक्या बैठकांत त्याचा आवाज कुणी ऐकला नव्हता, तो अगदी साधा निघाला.

"झालं का?" त्यानं विचारलं. "आठला माझी पाळी असते."

तो कुणाला टोमणा मारत नव्हता. त्याला खरंच जायचं होतं. पण मॅडमना वाटलं, आपण सगळे मिळून या माणसासमोर एका पेपराचे मार्क लावत बसलो होतो. आपण मन मोकळं केलं, एका मुलाला त्याचे चौदा मार्क परत दिले, आणि आता हलके होऊन घरी जाणार होतो. आणि जे सगळ्यात वाईट होतं ते अजून पोटातच होतं. शून्याचाच विचार करत त्यांनी इतके दिवस काढले होते, कारण शून्य एकच होतं आणि ते मोजता येत होतं.

पदवीला मुदत घालणाऱ्या त्यांच्या आराखड्यात नववं कलम होतं: 'हा नियम जुन्या पदव्यांना लागू राहणार नाही.' तेही त्यांनीच लिहिलं होतं, उगाच जुनी भुतं उकरायला नकोत म्हणून.

"नाही," मॅडम म्हणाल्या. "अजून आहे. माझं पूर्ण लिहून घ्या."

अध्यक्षबाईंनी कानातलं यंत्र नीट बसवलं.

"या एका मुलानं साडेचार लिहिलं, म्हणून त्याला मी शून्य दिलं. त्या वर्षी बाकी सगळ्यांनी दोन लिहिलं. आणि त्यानंतर सहा वर्षं मी तोच तक्ता शिकवला. दर वर्षी अकराशे मुलं. ती आज कुठं कुठं काम करतायत, कुठल्या ओढ्यांवर त्यांनी काय बांधलंय, मला माहीत नाही. पण नावं रजिस्टरमध्ये आहेत आणि रजिस्टर शनिवारपर्यंत तळघरात आहे. पाऊस सुरू व्हायला सात आठवडे राहिलेत." मॅडमचा बारीक आवाज फाटला, तरी त्या थांबल्या नाहीत. "त्या सगळ्यांना बोलवा. पहिल्यांदा त्यांना बोलवा, ज्यांना मी चौदापैकी चौदा दिलेत."